विश्वामित्री असो की मही, त्या पाण्यात मासा जगतो का ते आधी सांगा

सुरसागरकाठ:
गेल्या रविवारी सकाळी बडोद्यातल्या कालाघोड्याच्या पुलावरून दोरीला बादली बांधून विश्वामित्रीचं पाणी काढलं. मगरींमुळे काठावर उतरायची सोय नाही. पूर्वी प्रयोगशाळेत काम केलंय, त्यामुळे बाटली आणि रसायनं सोबत होती. आधी मँगनीज सल्फेटचे थेंब, मग अल्कली-आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असेल तर बाटलीत तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. बादलीतून बाटलीत ओतताना थोडी हवा मिसळतेच, तरीही साका पांढराच राहिला. बराच वेळ बाटली उजेडात धरून बघत उभी होते. माझ्या लहानपणी याच पुलावरून लोक गळ टाकून बसलेले दिसायचे.

नदीची तब्येत विचारली की आपल्याला मीटर दाखवतात. २०१४ पासून जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्याच्या तोंडाशी ऑनलाइन मीटर बसवणं सक्तीचं केलंय. बसवले ते चांगलंच झालं. पण यातले बरेचसे मीटर पाण्यातून अतिनील प्रकाश सोडून सीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जिरवायला किती ऑक्सिजन लागेल त्याचा, नुसता अंदाज बांधतात. पारा, शिसं, कीटकनाशक त्यांना दिसत नाही. बीओडी तर याहून फसवा. तीच घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्यावरून तो काढतात. पाणीच विषारी असेल तर जिवाणू मरतात, ऑक्सिजन कोणी खात नाही, आणि कागदावर आकडा छान कमी येतो.

आपल्याच नियमांत याहून सरळ चाचणी लिहिलेली आहे. सांडपाणी जसंच्या तसं घ्यायचं, त्यात दुसरं पाणी मिसळायचं नाही, मासे सोडायचे आणि ९६ तासांनी मोजायचे. ९० टक्के जिवंत हवेत. माझं म्हणणं इतकंच की तपासणीच्या मध्यभागी ही चाचणी आणा, आणि प्रत्येक औद्योगिक वसाहतीचा निकाल दर महिन्याला लोकांना वाचता येईल असा लावा. सामान्य माणसाला सीओडी कळत नाही, मासे मेले हे कळतं.

नाइटशिफ्ट:
ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण बाटली विश्वामित्रीतून भरायची आणि आरोप केमिकल कारखान्यांवर ठेवायचा हे बरोबर नाही. शहरातून जाताना त्या नदीत मुख्यतः आपल्या घरांतलंच सांडपाणी येतं. ऑक्सिजन तेच खातं. बहुतेक कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी ५५ किलोमीटरच्या बंद-उघड्या चॅनलने जंबुसरकडे, खाडीच्या तोंडाशी जातं. तुमचा पांढरा साका सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या दारात ठेवा.

मी ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर काम करतो. रात्री दोनला क्रोमियमचा बॅच आला की ॲसिड घालून सामू तीनच्या खाली आणायचा, मेटाबायसल्फाइट घालायचं, हिरवट रंग आला की चुना घालून सामू वर न्यायचा, मग गाळ खाली बसतो. तो दाबून, पिशव्यांत भरून घातक कचऱ्याच्या जागेवर पाठवायचा. दर टनाचे पैसे मोजून. हे सगळं करणाऱ्या माणसाला रोज चोर ठरवलं की कोण मन लावून काम करील? आणि ९६ तासांची चाचणी म्हणजे चार दिवस. तोवर टाकीतलं पाणी कुठे ठेवायचं? लहान युनिटकडे चार दिवसांची टाकी नसते. मीटर दर पंधरा मिनिटांनी बोलतो. मासा चार दिवसांनी बोलतो.

कमाटीबागकर:
विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत. नदी इतकी विषारी असती तर त्या जगल्या असत्या का?

सुरसागरकाठ:
@कमाटीबागकर मगर फुप्फुसाने श्वास घेते. पाण्यात ऑक्सिजन शून्य असला तरी तिचं नाक वर असतं. मासा कल्ल्यांनी घेतो, म्हणून तो आधी मरतो. उलट मगर साखळीच्या टोकाला बसलेली आहे. मासे, कुत्री, शहराच्या कचऱ्यावर जगणारं जे हाती लागेल ते ती खाते, आणि पारा नि काही कीटकनाशकं जशी साखळीत वर चढतात तशी अंगात साठत जातात. मगर जिवंत आहे यावरून नदी निरोगी आहे असं म्हणता येत नाही. ती चिवट आहे एवढंच कळतं.

@नाइटशिफ्ट सांडपाण्याचं तुमचं म्हणणं मान्य. विश्वामित्रीच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, मीच दोन गोष्टी एका बाटलीत घातल्या. पण हा चॅनल जातो त्या वाटेवर माणसं राहतात.

पादरावाला:
चॅनल आमच्या बाजूने जातो म्हणून बोलतो. पादरा तालुक्यात कित्येक बोअरला रंगीत पाणी येतं. पिवळट, कुठे लालसर. मामांच्या शेतातल्या बोअरचं पाणी पांढऱ्या स्टीलच्या कळशीत घेतलं की तळाशी विटकरी रंगाचा थर बसतो, घासला तरी जात नाही. मामी त्या पाण्यात भांडी घासत नाहीत, गुरांना मात्र तेच जातं, दुसरं आणायचं कुठून? उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून काही शेतकरी चॅनलमध्येच पंप टाकतात. त्यांना दोष द्यायला सोपं आहे.

आता हिशोबाचं. मर्यादा लिटरला मिलिग्रॅममध्ये आहे, २५० सीओडी. दिवसाला १ लाख लिटर सोडलं तर तो २५ किलो झाला. त्यात बोअरचं चांगलं पाणी मिसळून २ लाख लिटर केलं तर मीटरवर १२५ दिसतो. चॅनलमध्ये मात्र तेवढेच २५ किलो पडतात, आणि आमच्या जमिनीखालचं पाणी उगाच उपसलं गेलं ते वेगळंच. किलो मोजा, मग बोलू.

नाइटशिफ्ट:
पादऱ्याच्या बोअरवर मी काही बोलणार नाही, बोलण्यासारखं तोंड आमच्या धंद्याला नाही. पातळ करण्याबद्दलही खरं आहे. फ्लो मीटर दोन हवेत, आत येणाऱ्या पाण्यावर एक आणि बाहेर जाणाऱ्यावर एक, तर ती चोरी एका दिवसात कळते. पण ताई, मीटर वाईट नाही, तो कोण पुसतो हा प्रश्न आहे. सेन्सरच्या काचेवर दोन दिवसांत शेवाळी साय धरते. मी मऊ कापडाने पुसतो, कारण मला कोणी तरी शिकवलं. कितीतरी ठिकाणी कंत्राटदाराचा पोरगा तीन महिन्यांतून एकदा येतो. साय धरलेला मीटर जो आकडा दाखवतो त्याला अर्थ नसतो, आणि तोच सरळ सर्व्हरवर जातो. माशापेक्षा आधी माणूस शिकवा.

मांडवीकर:
आपल्या गणपतींचं काय? सुरसागरात किती वर्षं रंगवलेल्या मूर्ती सोडल्या. रंगात शिसं, क्रोमियम असायचं ना? आधी आपण मराठी लोकांनी शाडू आणि नैसर्गिक रंगावर यावं, मग दुसऱ्याच्या पाइपवर बोट ठेवावं.

सुरसागरकाठ:
@मांडवीकर शाडू आमच्या घरी आहेच, विसर्जन बादलीत होतं. तळ्यासारख्या साचलेल्या पाण्यात मूर्तीचा रंग महत्त्वाचा आहे, वाद नाही. पण वर्षातले दहा दिवस आणि वर्षाचे सगळे दिवस यांची गल्लत नको.

नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीकडून येणारी मीनी नदी महीला मिळते. फाजलपूर, रायका, दोडका इथल्या महीतल्या फ्रेंच विहिरींतून, म्हणजे नदीच्या वाळूखालचं पाणी ओढणाऱ्या विहिरींतून, बडोद्याच्या बऱ्याच घरांत पाणी येतं. आपल्या नळाचा या सगळ्याशी संबंध आहे, म्हणून मी हे लिहायला बसले. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने ज्या याचिकेवर देशभरातल्या कारखान्यांना ईटीपी चालू ठेवा, नाहीतर वीज तोडा असं बजावलं, ती याचिका बडोद्याच्या पर्यावरण सुरक्षा समितीची होती. म्हणजे हे आपल्या गावाला जमतं.

@नाइटशिफ्ट तुमचे चार दिवस मला पटले, तर असं करू या का? मीटर रोजच्यासाठी, त्याची काच रोज पुसली जाते याची सहीची वही प्लांटवर. मासा महिन्यातून एकदा, अचानक, कारखान्याला दिवस न सांगता. आणि नदीत, पाइपच्या तोंडाशी नव्हे, तिच्या गाळातलं क्रोमियम आणि शिसं वर्षातून दोनदा. वाहतं पाणी रात्री सोडलेलं सकाळपर्यंत विसरून जातं. गाळ विसरत नाही. २०२४ च्या पुरानंतर विश्वामित्रीतून जो काढला, त्यात काय होतं हे मला अजून वाचायचं आहे.

नाइटशिफ्ट:
दिवस न सांगता, याला माझी हरकत नाही. पण पहाटे चारला या, सकाळी अकराला नको. त्या वेळी साहेब नसतात.

पादरावाला:
आणि एक बाटली आमच्या बोअरची. मामा म्हणालेत, कळशी घेऊन उभा राहतो.