खर्जाआधी पट्टी ठरवा

गाणं शिकणाऱ्याला रोज सकाळी खर्ज लावा, म्हणजे खालच्या सप्तकातल्या सुरांचा रियाज करा, असा सल्ला दिला जातो. तो बरोबरच आहे, पण कोणत्या पट्टीत, म्हणजे कुठला सूर सा धरून, हे कुणीच सांगत नाही. नवशिक्याचं बरंचसं तिथेच बिघडतं. साधारणपणे पुरुषांना काळी एक ते काळी दोन (हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली ते दुसरी काळी पट्टी) आणि बायकांना काळी चार ते काळी पाच सोयीची पडते, तरी स्वतःचा गळा तपासल्याशिवाय पट्टी धरू नये. मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला प) तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) सावकाश आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत, जा. मंद्र पंचमावर सूर जाऊन नुसती हवा उरली तर सा फार खाली आहे, अर्धा सूर वर घ्या. तार गंधाराला हनुवटी उचलली जाऊन मानेच्या शिरा ताणल्या तर उलट करा. मंद्रात आवाज घोगरा, किरकिरा व्हायला लागला की त्याच्या वरच्याच सुरावर थांबायचं. गळा दाबून खाली गेल्याने खर्ज मिळत नाही, आवाज मात्र बसतो.

अजून एक, मोबाइलवरचा तानपुरा त्याच्याच स्पीकरवर लावू नका. काळी एकला खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते आणि तो छोटा स्पीकर इतकं खालचं जवळजवळ वाजवतच नाही, मग टेकायला आधार कुठला? बरा स्पीकर जोडा, नाहीतर इअरफोन एकाच कानात घाला आणि दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा ठेवा. दोन्ही कान बंद झाले की आपण नकळत जोर लावून गातो.