मदत हवी आहे: अर्ध्यावर आलेली ऑनलाइन पोकर स्पर्धा दुसऱ्याच्या हाती सोपवणे कितपत योग्य?

धागाकर्ती: संथप्रवाह

सर्व सदस्यांना नमस्कार. एका नैतिक प्रश्नावर मला जाणकारांचे मत हवे आहे. घरातल्या माणसाशी संबंधित असल्यामुळे त्यावर तटस्थपणे विचार करणे मला अवघड जात आहे.

माझा मावसभाऊ हौशी पोकर खेळाडू आहे. कमी बाय-इनच्या (म्हणजे कमी प्रवेशशुल्काच्या), पण भरपूर खेळाडू असलेल्या स्पर्धा त्याला आवडतात. मी त्याच्यापेक्षा अधिक काळ खेळत आले आहे आणि विशेषतः फायनल टेबलच्या, म्हणजे शेवटच्या उरलेल्या खेळाडूंच्या टेबलाच्या, आसपासच्या खेळाचा माझा अभ्यास बरा आहे. मागच्या एका स्पर्धेत तो बक्षिसांच्या स्थानांमध्ये पोहोचून बराच पुढे गेला होता. तेव्हा त्याने मला फोन केला आणि म्हणाला, "ताई, आता माझे डोळे मिटत आहेत. माझ्या खात्यात लॉग-इन करून पुढचे तू खेळ, जे मिळेल ते निम्मे-निम्मे." मी नकार दिला. तो स्वतःच खेळत राहिला आणि थोड्याच वेळात बाहेर पडला. आता पुढच्या मोठ्या स्पर्धेआधी, गरज पडल्यास मी शेवट सांभाळेन, असे वचन त्याला माझ्याकडून हवे आहे. माझ्या नकाराने तो दुखावला आहे, हेही मला दिसते.

त्याचे म्हणणे मी शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडते. प्रवेशशुल्क त्याने भरले आहे आणि चिप्स त्यानेच जिंकल्या आहेत, म्हणून त्या कोणाच्या हाती द्यायच्या हे ठरवण्याचा अधिकारही त्याचाच आहे, असे तो म्हणतो. बक्षिसातला हिस्सा आगाऊ विकणे, म्हणजे स्टेकिंग, सगळ्या पोकरविश्वाला मान्य आहे. मग दुसऱ्याचा पैसा चालतो आणि दुसऱ्याची बुद्धी का चालू नये, असा त्याचा सवाल आहे. शिवाय ऑनलाइन टेबलावर कोणी कोणाचा चेहरा पाहत नाही, प्रतिस्पर्ध्यांसमोर केवळ एक टोपणनाव असते, तेव्हा त्यामागचा माणूस बदलला तर नुकसान नेमके कोणाचे होते, हेही तो विचारतो.

स्टेकिंगच्या मुद्द्याचे उत्तर मला सापडले आहे असे वाटते. हिस्सा विकत घेणारा माणूस निकालाची जोखीम उचलतो, पण एकाही डावातला निर्णय बदलत नाही, त्यामुळे टेबलावरच्या इतरांना त्याच्या असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही. नियमांचेही मला ठाऊक आहे: खाते एका व्यक्तीचे असते आणि त्यावर दुसऱ्याने खेळणे बहुतेक सर्व ठिकाणी निषिद्ध आहे. परंतु "नियम आहे" एवढे सांगून त्याचे समाधान होत नाही, आणि खरे तर माझेही होत नाही. नियम नसता तरीही हे चुकीचे ठरले असते का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याला जोडून दुसरा असा, की अचानक आजारपण आले किंवा घरात संकट उद्भवले, तर उत्तर बदलते का?

प्रतिसाद: मोजणीदार

संथप्रवाह, आपण नकार दिलात ते योग्यच केले. आपल्या मुख्य प्रश्नाचे माझे उत्तर, नियम नसता तरीही हे चुकीचेच ठरले असते, असे आहे.

चिप्स ही आपल्या भावाची मालमत्ता आहे, या समजुतीपासून सुरुवात करू. कॅश गेममध्ये, म्हणजे थेट पैशांवर चालणाऱ्या खेळात, समोरच्या चिप्सची ठरलेली किंमत असते आणि त्या घेऊन केव्हाही उठता येते. स्पर्धेतल्या चिप्स मोडून पैसे मिळत नाहीत आणि दुप्पट चिप्स झाल्या म्हणून बक्षिसाची अपेक्षाही दुप्पट होत नाही. आयसीएमचे, म्हणजे स्पर्धेतल्या चिप्सचे बक्षिसाच्या रकमेत मूल्य काढण्याच्या पद्धतीचे, सारे गणित याच गोष्टीवर उभे आहे. प्रवेशशुल्क भरून त्याने जे घेतले, ती शेवटपर्यंत स्वतः निर्णय घेण्याची संधी होती, आणि इतर प्रत्येकानेही तेवढीच संधी घेतलेली होती. थकवा, कंटाळा, मोठ्या रकमेचे दडपण ही त्या परीक्षेची अंगे आहेत. कित्येक तास चालणाऱ्या स्पर्धेत ताशी पाच मिनिटांच्या विश्रांतीवर मन शाबूत ठेवणे हे पत्ते ओळखण्याइतकेच कौशल्याचे काम आहे, आणि ज्यांनी ते निभावले त्यांच्यासमोर ताज्या दमाचा माणूस आणून बसवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आता टोपणनावाबद्दल. चेहरा दिसत नाही म्हणूनच त्या नावाला फार महत्त्व असते. समजा, आपला भाऊ तासन्तास सावध खेळला आहे आणि त्याच्या रेझवर (वाढवलेल्या पैजेवर) कोणी पुन्हा रेझ केली की तो बहुतेक वेळा फोल्ड करतो, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडतो. त्याच्या डावीकडच्या खेळाडूने हे टिपून ठेवले आहे, कदाचित कित्येक स्पर्धांमधून, आणि आता त्या माहितीच्या भरवशावर तो साधारण पत्त्यांवरही दबाव टाकतो. त्याच क्षणी खुर्चीत आपण बसलेल्या असाल आणि ऑल-इनने, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला लावून, उत्तर द्याल, तर त्या खेळाडूने कष्टाने मिळवलेली खरी माहिती त्याच्या नकळत खोटी झालेली असते. भावाने स्वतःहून खेळाची पद्धत बदलली असती तर ती त्याची चतुराई ठरली असती. माणूस बदलणे हा त्या टेबलावरचा डावपेच नाही, कारण समोरच्याला त्याचा अंदाज बांधण्याचा कोणताच मार्ग नसतो.

याहून मोठे नुकसान सगळ्या स्पर्धेचे होते. 2007 मध्ये फुल टिल्ट पोकरवरच्या दहा लाख डॉलर हमीच्या स्पर्धेत एका खेळाडूचे खाते शेवटच्या टप्प्यात एका नावाजलेल्या व्यावसायिकाने विकत घेतले आणि ते खाते पहिले आले. प्रकरण उघडकीस आल्यावर दोघांवर कारवाई झाली. त्याच वर्षी पोकरस्टार्सच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ ऑनलाइन पोकरच्या मुख्य स्पर्धेतला विजेता, खातेधारक स्वतः खेळला नसल्याच्या निष्कर्षावरून बाद झाला. बारा लाख डॉलरहून अधिक असलेले पहिले बक्षीस दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला गेले. असे व्यवहार सर्रास चालू लागले तर काय होईल याचा विचार करा. लेट रजिस्ट्रेशन, म्हणजे उशिरा प्रवेश घेण्याची मुदत, संपल्यावर बाहेर पडलेला प्रत्येक कसलेला खेळाडू एखाद्या दमलेल्या हौशी माणसाचा स्टॅक (त्याच्याकडच्या एकूण चिप्स) शोधत फिरेल, म्हणजे त्याला बंद झालेल्या दारातून पुन्हा प्रवेश मिळेल. फायनल टेबलवर मग हौशी माणूस केवळ नावापुरता उरेल. आपल्या भावासारखे लोक ज्या आशेने प्रवेश घेतात, आणि ज्यांच्या शुल्कावर बक्षिसाची रक्कम उभी राहते, ती आशाच अशाने संपते.

प्रतिसाद: उघडाडाव

मोजणीदार यांचा बाजाराचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो, पण प्रत्येक प्रकरण एकाच तराजूत तोलू नये, असे मला वाटते. स्टॅक विकत घेणारा व्यावसायिक आणि संकटात भावाच्या मदतीला धावणारी बहीण यांच्या हेतूंत फरक आहे. क्रिकेटसारख्या खेळातही 2019 पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू फलंदाजी आणि गोलंदाजीही करू शकतो. माणूस खरोखर असहाय झाला असेल, तर त्याचा स्टॅक ब्लाइंड आणि ॲन्टी या सक्तीच्या पैजा भरत भरत झिजू देणे न्यायाचे कसे?

प्रतिसाद: मोजणीदार

हेतूंत फरक आहे, हे मान्य. पण क्रिकेटमधली ती बदली सामनाधिकाऱ्याच्या परवानगीने, शक्यतो तशाच प्रकारच्या खेळाडूची आणि समोरच्या संघाला ठाऊक असताना होते. हौशी फलंदाजाच्या जागी सरस फलंदाज गुपचूप उभा करण्याची मुभा त्यात नाही. पोकरमध्येही एखाद्या आयोजकाने आणीबाणीतल्या बदलीचा नियम आधी जाहीर केला आणि बदली झाल्याचे टेबलावर दाखवले, तर माझा आक्षेप बराचसा गळून पडेल. तोपर्यंत संकटात सापडलेल्या माणसाने टेबल सोडावे. त्याचा स्टॅक लगेच नाहीसा होत नाही. सिटिंग आउट, म्हणजे जागेवरून उठलेला, असतानाही इतर खेळाडू बाहेर पडत गेल्यास त्याचे स्थान वर सरकते आणि जे बक्षीस पदरात पडेल ते त्याचे स्वतःचे असते. संकटामुळे त्याचे नुकसान होते हे खरे, पण ते भरून काढण्यासाठी टेबलावरच्या अनोळखी लोकांना अंधारात ठेवण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. बहिणीने केवळ प्रत्येक डावात फोल्डचे बटण दाबले, तर गोष्ट वेगळी. पण ते काम सॉफ्टवेअर आपोआप करतेच.

धागाकर्ती: संथप्रवाह

दोघांचेही मनापासून आभार. "नुकसान कोणाचे" या प्रश्नावर मी अडले होते, कारण मी फक्त अंतिम बक्षिसाकडे पाहत होते. डावीकडच्या खेळाडूच्या उदाहरणाने माझा विचार स्पष्ट झाला. मी भावाला वचन देणार नाही. त्याऐवजी त्याच्याबरोबर स्पर्धेच्या आधी बसून लहान स्टॅकचा खेळ आणि बक्षिसांच्या टप्प्यांजवळचे निर्णय यांचा सराव करून घेईन, आणि त्याला चालत असेल तर त्याचा थोडा हिस्साही रीतसर विकत घेईन. ज्या स्पर्धा दोन दिवसांत विभागलेल्या असतात त्या त्याने निवडाव्यात, असेही सुचवणार आहे, कारण त्याचा खरा शत्रू झोप आहे.

एक गोष्ट अजून विचारायची आहे. डाव चालू असताना फोनवरून "आता ऑल-इन जा" असे सांगणे म्हणजे घोस्टिंग, आणि ते खाते वापरण्यासारखेच आहे, हे मला समजते. टेबलावर निर्णय एकाचाच असावा हे तत्त्व तिथेही मोडते. परंतु विश्रांतीच्या पाच मिनिटांत त्याने मला आधीच संपलेला एखादा डाव दाखवला आणि मी त्यावर मत दिले, तर? डाव संपलेला असला तरी स्पर्धा संपलेली नसते, आणि तोच प्रतिस्पर्धी पुढच्या तासाभरात पुन्हा त्याच्यासमोर असतो. माझा कल तेही टाळण्याकडे आहे. आपल्यापैकी जे नियमित शिकवतात, ते आपल्या विद्यार्थ्यांशी स्पर्धा चालू असताना बोलतात का, आणि बोलत असल्यास कुठे थांबतात?