हवाईला माणूस पोचला कधी? पुस्तकात ३००, नेटवर १२००

भोचक_भटक्या
जुन्या पुस्तकात वाचलेलं की पॉलिनेशियन (प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे) लोक इ.स. ३००-४०० च्या सुमारास हवाईला आणि ८०० च्या आसपास न्यूझीलंडला पोचले. आता जिथे बघावं तिथे १२०० च्या आगेमागेच्या तारखा. शंभरेक वर्षं इकडेतिकडे समजू शकतो, पण आठशे-नऊशे?? आधीचं सगळं अंदाजपंचे होतं का?

रेवा_के
अंदाजपंचे नाही हो, आधीच्याही कार्बन डेटिंगच्याच तारखा, घोळ नमुन्यांत होता. उत्खननात चुलीतला कोळसा मिळाला की तो लॅबला पाठवायचे. पण लाकडाचा तो भाग झाडावर कधी वाढला एवढंच त्यातून कळतं, चूल कधी पेटली ते नाही. जुनाट झाडाचा गाभा किंवा किनाऱ्याला वाहून आलेला ओंडका जाळला असेल तर शेकडो वर्षं फुकटात वाढली. २०११ मधे संशोधक जॅनेट विल्म्सहर्स्ट आणि मंडळींनी पूर्व पॉलिनेशियाच्या १४३४ तारखा चाळल्या आणि बिया, काटक्या असल्या अल्पायुषी नमुन्यांवरच भरवसा ठेवला. ताहितीकडची सोसायटी बेटं निघाली १०२५ ते ११२०, आणि हवाई, रापा नुई (ईस्टर बेट), न्यूझीलंड सगळं ११९० ते १२९० मधे. शंभर वर्षांत एवढा समुद्र पालथा!

उंदीरमामा
न्यूझीलंडची केस तर आमच्या भाऊबंदांनी सोडवली 😄 तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवर सस्तन प्राणीच नव्हते, उंदीर आला तो माणसाच्या होडीतूनच. मग काय, चिखलात दबलेल्या जुन्या बिया शोधल्या, ज्यांच्यावर उंदराच्या दातांच्या खुणा आहेत त्या वेगळ्या काढून तारखा काढल्या. १२८० च्या मागे काही जातच नाही. माणसाची चूल सापडो न सापडो, कुरतडलेली बी खोटं बोलत नाही.

खापरखुंटी
रेवाताई, हवाईबद्दल जरा दमानं. पुरातत्त्वज्ञ पॅट्रिक किर्च, ज्यांनी तिथे आयुष्य घातलंय, ते १००० ते १२०० म्हणतात. नुसत्या बिया-काटक्या धरल्या तर सगळ्यात जुनी वस्ती हातातून निसटूही शकते. अर्थात ३०० ची तारीख गेली ती गेलीच.

भोचक_भटक्या
ओके, पण टोंगा-सामोआला लापिता खापरंवाले (पॉलिनेशियनांचे पूर्वज) २८०० वर्षांपूर्वीच पोचलेले ना? मग पुढे निघायला एवढी वर्षं? आणि एकदम एवढ्या वेगात कसे, भरकटत गेले असतील की.

खापरखुंटी
हो, मधे दीड हजारापेक्षा जास्त वर्षांचा खंड आहे आणि त्यावर भांडणं चालूच आहेत. कोणी म्हणतं वारे बदलायची वाट बघत होते, कोणी म्हणतं लांबच्या सफरीची जोडहोडी (दोन होड्या शेजारी बांधून केलेली) तोवर नव्हतीच. मला दुसरं जास्त पटतं. पण भरकटत नाही हां. ताहितीच्या पूर्वेकडच्या तुआमोतू बेटांवर मिळालेल्या एका दगडी वाकसाचा (लाकूड तासायच्या हत्याराचा) दगड तपासला तर तो हवाई बेटांपैकीच काहोओलावे बेटाचा निघाला, ४००० किमी लांबचा! म्हणजे हवाईहून दक्षिणेकडे परतही येत होते लोक.