मदत हवी आहे: थर जिवाणूंनी घडवला की नुसत्या पाण्याने?

मंडळी, अर्जेंटिनाच्या पुना पठारावरच्या खाऱ्या सरोवरांबद्दल वाचतोय. सोकोम्पा सुमारे ३,५७० मीटरवर, लागुना नेग्रा ४,००० च्याही वर. विरळ हवा, अतिनील किरणांचा मारा, तरी सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू), डायटम (एकपेशीय शैवाल) आणि कार्बोनेटचे थर आहेतच! प्रकाशसंश्लेषणात बायकार्बोनेट खर्ची पडतं, सामू चढतो, कॅल्शियम कार्बोनेट साचतं, इथवर कळलं. पण बाष्पीभवनानं किंवा कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यानंही तेच साचतं की! त्यात जिवाणूंचा चिकट स्राव कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणजे आधी उलट अडथळाच. तो कुजल्यावर कॅल्शियम मोकळं होतं.

मग सूक्ष्मदर्शकाखाली खडकाचा पातळ छेद पाहताना थर सजीवांनी घडवला की निव्वळ रसायनानं, हे कशावरून ठरवता? कार्बनच्या समस्थानिकांवर कितपत विसंबावं? अरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचंच एक स्फटिकरूप) दिसलं की मी ते पाण्यातल्या जास्तीच्या मॅग्नेशियमच्या खाती टाकतो. चुकतोय का?