क्रोएशियातल्या स्प्लिटला गाईड घ्याच
"रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा फुकटच बघता येतो, मग गाईड कशाला?" असं कुणीतरी विचारलंय. आम्हीही आधी एकटेच भटकलो. दिसलं काय, तर दुकानं, कॅफे आणि दोरीवर वाळणारे कपडे! दुसऱ्या दिवशी गाईडबाईंनी तळघरात नेलं तेव्हा उलगडा झाला. वरच्या महालाचा आराखडा खाली तसाच टिकलाय, कारण वर राहणाऱ्यांनी शतकानुशतकं खाली कचरा टाकला आणि त्यानेच तळघर जपलं. ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या या सम्राटाच्या समाधीचं पुढे कॅथेड्रल झालं, आणि ते ओळखलं जातं त्याच्याच काळात मारल्या गेलेल्या संत डोम्नियसच्या नावाने. काय सूड आहे! बाकी, चपला पकडीच्या घाला. तिथला दगड झिजून गुळगुळीत झालाय, आई चौकातच घसरली होती.