भूल न देता हिस्टरोस्कोपी : दुखणं कमी करता येतं

ताई, तुम्ही लिहिलंत की हिस्टरोस्कोपीबद्दल, म्हणजे दुर्बिणीने गर्भाशय आतून बघायच्या तपासणीबद्दल, डॉक्टर म्हणाले, 'पाच मिनिटांचं काम आहे, थोडं सहन करा.' माझ्या बहिणीलाही हेच ऐकवलं होतं. बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर स्वतःच्याच नखांचे वळ होते.

म्हणून सांगावंसं वाटतं, पद्धत बदलली की त्रास कमी होतो. नेहमीच्या पद्धतीत आधी स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरायचं साधन, घालतात, कधी गर्भाशयाचं तोंड चिमट्याने धरतात आणि मग दुर्बीण आत जाते. व्हजायनोस्कोपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीत स्पेक्युलमही नाही, चिमटाही नाही. बारीक दुर्बिणीतून सलाईन सोडतात, त्या पाण्याने वाट मोकळी होते आणि डॉक्टर पडद्यावर बघत पुढे जातात. बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी 'व्हास्ट' या अभ्यासात दोन्ही पद्धती 1597 बायकांवर ताडून पाहिल्या. निष्कर्ष 2019 मध्ये आले. व्हजायनोस्कोपीत दुखणं कमी, वेळ कमी आणि तपासणी यशस्वी होण्याचं प्रमाण जास्त. दुखण्यातला फरक फार मोठा नव्हता, हेही खरं. पण ज्या बाईला चिमट्याचीच धास्ती आहे, तिच्यासाठी तो चिमटा नसणंच केवढं तरी आहे!

तारीख घेतानाच विचारा: स्पेक्युलमशिवाय करता का? दुर्बीण किती मिलिमीटरची? तासभर आधी वेदनाशामक गोळी घेऊ का? (दमा किंवा अल्सर असेल तर आधी सांगा.) आणि 'थांबा' म्हटलं की थांबाल ना, भूल देऊन करण्याची सोय आहे ना, हेही. बहिणीला यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं.