पेडेरस: प्रजाती की वंश? आणि तो ‘चावतो’ का?

रोव्ह बीटल नावाच्या भुंगेऱ्यांवरच्या एका लेखाचं मराठी करतोय; पेडेरस हा त्यांतलाच एक. ‘पेडेरस या प्रजातीत ६०० हून अधिक प्रजाती आहेत’ असं लिहून मोकळा झालो आणि वाचून स्वतःच हसलो. जीनसला (जवळच्या स्पीशीजच्या गटाला) नक्की काय म्हणायचं? शिवाय ‘रोव्ह बीटल’ला मराठी शब्द हवाय.

---

> ६०० हून अधिक प्रजाती

इथे ‘जाती’ हवं. जीनस म्हणजे प्रजाती किंवा वंश आणि स्पीशीज म्हणजे जाती, ही मराठीतली जुनी घडी. हिंदीत मात्र ‘प्रजाति’ म्हणजे स्पीशीज. तोच अर्थ बातम्यांतून आपल्याकडे शिरला आणि आता एकाच शब्दाला दोन अर्थ चिकटलेत. म्हणून मी सरळ ‘वंश’ लिहितो. ‘पेडेरस वंशात ६०० हून अधिक जाती’ म्हटलं की कोणी अडखळत नाही.

वर्गीकरणाच्या वरच्या पायऱ्या: गण ढालपंखी, कुल स्टॅफिलिनिडी. पुढे गंमत आहे. उपकुल (Paederinae) आणि त्याच्या पोटातला गट (Paederini), दोन्ही देवनागरीत ‘पेडेरिनी’च होतात. मी उपकुलाला ‘पेडेरिने’ करून सुटका करून घेतो.

---

‘रोव्ह’ म्हणजे भटकणं, त्यामुळे ‘भटका भुंगेरा’ चालेल, पण डोळ्यांसमोर काहीच येत नाही. ‘भुंगेरा’ म्हटलं की गोल, टणक पाठ आठवते. पेडेरस तर सात ते दहा मिलिमीटरचा, लांबुळका; मुंगीच वाटावा. डोकं काळं, छाती नारिंगी, पाठीवर निळसर धातूसारखी चमकणारी दोन आखूड झाकणं, मग पुन्हा नारिंगी पोट आणि काळं टोक. डिवचला की विंचवासारखी शेपटी वर करतो.

‘आखूडपंखी’ मात्र नको. आखूड असतात ती झाकणं. त्यांच्याखाली उडायचे पंख बारीक घड्या घालून ठेवलेले असतात आणि कित्येक जाती दिव्यावर उडत येतात. (काहींना पंख नसतातच, ते वेगळं.) ‘आखूडढाल भुंगेरा’ कसा वाटतो?

---

‘आखूडढाल’ आवडला. नावांवरून एक आठवलं. पेडेरस हा वंश कीटकतज्ज्ञ फॅब्रिशियसने १७७५ मध्ये केला. त्याची नमुना जाती (जिच्यावर वंशाचं नाव टिकतं ती) ‘रिपेरियस’ निसर्गतज्ज्ञ लिनीअसने १७५८ मध्येच स्टॅफिलिनस वंशात नोंदवली होती. लॅटिनमध्ये रिपेरियस म्हणजे काठावरचा. किडा खरोखरच ओल्या काठांवर, दलदलीत सापडतो. मराठीतही इतकं नेमकं नाव पडलं असतं तर!

---

शीर्षकातलं ‘चावतो’ राहिलंच. माणसाला तो चावतही नाही आणि डंखही मारत नाही. त्वचेवर चिरडला गेला की त्याच्या अंगातला द्रव पसरतो, त्यात पेडेरिन नावाचं विष असतं. लगेच काहीच जाणवत नाही. दिवस-दोन दिवसांनी लाल पट्टा उठतो, मग फोड. कोपराच्या घडीत चिरडला तर घडीच्या दोन्ही बाजूंना एकसारखा चट्टा, आरशात पाहिल्यासारखा. तेव्हा भाषांतरात ‘दंश’ असेल तर खोडा. ‘अ‍ॅसिड’ही खोडा, पेडेरिन आम्ल नाही. आफ्रिकेतली ‘नैरोबी फ्लाय’ हीसुद्धा पेडेरसच, माशी नव्हे. आणि ‘ब्लिस्टर बीटल’ म्हणजे आपले हिंगे, त्यांचं कुल वेगळं आणि विषही वेगळं, कॅन्थरिडिन.

खरं तर ‘विषारी भुंगेरा’ म्हणतानाही माझा हात अडखळतो, कारण हे विष किडा स्वतः बनवतच नाही. मादीच्या शरीरात राहणारे स्यूडोमोनास या वंशाच्या जवळचे जिवाणू ते बनवतात. मादीकडून ते अंड्यांत उतरतं आणि त्यामुळे अळ्यांना लांडगा-कोळी (वुल्फ स्पायडर) तोंड लावत नाहीत.

---

सगळ्यांचे आभार. ‘वंश’ आणि ‘जाती’ केलं, ‘दंश’ तीन ठिकाणी होता, तिन्ही काढले. ‘हा कीटक चावल्यास’ हे वाक्य मात्र मूळ लेखातच आहे. तिथे ‘अंगावर बसल्यास चिरडू नका, फुंकून उडवा आणि जागा साबणाने धुवा’ असं लिहून टाकतो.